आंबिलीच्या मडक्यातली खळ

घरातलं माणूस चुकून विष प्यायलं, तर तुम्ही त्याला पहिलं काय पाजाल?

उत्तर मनातच द्या. मला ते ठाऊक आहे. तुम्ही मिठाचं पाणी कालवाल, नाहीतर चिंचेचं. घशात बोटं घालाल, पालथं घालून पाठीवर थापट्या माराल. आमच्या चाळीतही सगळ्यांना हेच येत होतं आणि सगळे मायेनं तेच करायला धावले होते. त्या मायेतून मी वाचले, म्हणून हे लिहायला उरले आहे.

एरवी मी पत्रकं लिहिते. वडिलांनी मला बाराखडी शिकवली तीच जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि पुढची बाजू वाचायला मी आपली आपणच शिकले. पत्रकाला जोर लागतो. तो सध्या माझ्याकडे नाही. चार ओळी लिहिते, आडवी होते, पुन्हा उठते. तेव्हा यात घोषणा सापडल्या नाहीत तर माफ करा. झालं ते सांगते.

दोन मडकी

आम्ही माधवनगरला गिरणीच्या चाळीत राहतो. मूळचे उंब्रजकडचे. थोडं शेत तिकडे आहे, पोट इकडे. माझा थोरला भाऊ गिरणीत सायझिंग खात्यात आहे. मागावर चढण्याआधी सुताला शिजवलेल्या पिठाची खळ चोपडतात, म्हणजे ते तुटत नाही. ती खळ करणं हे दादाच्या खात्याचं काम. पीठ हौदात भिजवून आंबवतात, मग शिजवतात. दादाच्या कपड्यांना कायम आंबूस वास असतो. आम्हाला तो वास त्याचाच वाटतो.

नुसत्या पिठाला पावसाळ्यात बुरशी धरते, कापड कुजतं. म्हणून त्या खळीत 'मसाला' घालतात. कसला मसाला, ते एकट्या सायझिंग मास्तरला माहीत. आचाऱ्यासारखं आहे ते. प्रत्येक मास्तरचा मसाला वेगळा. मास्तर तो कुणाला सांगत नाही आणि गिरणी बदलली तर सोबत घेऊन जातो. दादा त्याच्या हाताखाली इतकी वर्षं राबतो आहे, पण मसाला पडायच्या वेळी त्यालाही बाहेर उभं राहावं लागतं.

रेशनच्या दुकानात माप समोर धरून करा, एवढ्या एका मागणीची भित्तिपत्रकं आम्हाला चिकटवायची होती. चिकटवायला खळ हवी. माणसांना भाकरीला पीठ मिळत नाही अशा दिवसांत गव्हाचं पीठ भिंतीला फासायचं माझ्या मनाला येईना. दादा म्हणाला होता, "बघतो, हौदाच्या तळाची खरवड कवातरी आणतो." ते बोलणं तिथंच राहिलं होतं.

एका संध्याकाळी त्यानं ती आणली. मी आणि वहिनी दोघी घरात नव्हतो. त्यानं चुलीमागच्या रिकाम्या मडक्यात ती ओतली, वर ताटली झाकली आणि पहाटेच्या गाडीनं पेरणी उरकायला गावी निघून गेला. रात्री आम्ही परतलो तेव्हा तो झोपला होता, आणि तो निघाला तेव्हा आम्ही दोघी झोपेत होतो. शेजारच्या मडक्यात वहिनीची आंबील होती. दोन्ही मडकी एकाच कुंभाराची, दोन्हींत पांढरट, दाट, आंबूस काहीतरी.

वहिनी जतकडची. तिकडच्या कोरड्या रानात आंबिलीवरच माणूस उन्हाळा काढतं. आमच्या घरात ती आली आणि मागोमाग आंबील आली. मला तिची इतकी सवय झाली की दुपारी दारातून आत आले की पाय आधी चुलीमागे जायचे.

दादा गेला त्याच दुपारी पाय तसेच गेले. सकाळपाळी सुटलेल्या बायकांचा साक्षरतेचा वर्ग घेऊन मी आले होते. वहिनी रेशनच्या रांगेत होती. मी हाताला आलेलं मडकं वाकडं करून पितळी पेला भरला, मीठ टाकलं आणि उभ्याउभ्याच तोंडाला लावला.

पहिला घोट कळकल्यासारखा लागला. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक राहिलं की लागतं तसा. लढाईपासून कथील मिळत नाही, कल्हईवाला गल्लीत फिरकत नाही. घराघरांतलं ताक कळकतं आणि सगळे ते पितात. मला वाटलं, पेल्याची कल्हई गेली. आणि मी प्याले.

जळणं

वेदनेचं वर्णन करून मी तुम्हाला घाबरवणार नाही. एवढंच सांगते की जिभेपासून पोटापर्यंत नेमकी वाट कुठून जाते ते मला त्या दिवशी कळलं. उलटी आपली आपणच झाली. तिच्यात लाल धागे होते. लाळ गिळवेना. ओरडायला गेले तर आवाज निघाला तो माझा नव्हता.

शेजारच्या गंगूमावशी आधी आल्या, मग चाळ आली.

"काय खाल्लंस गं? इंदे, बोल की!"

"डोळं बघा कसं झाल्यात."

"मीठपानी आना! घसघशीत घाला मीठ!"

वहिनी आली तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं खांद्यावरची पिशवी दारातच टाकली. माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं. कुणीतरी टांग्याला पळालं होतं, ते परत आलं. सांगलीच्या वाटेवरच्या ओढ्याला कमरेच्या वर पाणी होतं आणि टांगेवाला घोडं घालायला तयार नव्हता.

चाळीत तेवढ्यात रडारड सुरू झाली. वहिनी मात्र रडली नाही. तिला एक गोष्ट आठवली. आदल्या वर्षी बॉयलरपाशी एक गडी भाजला होता, तेव्हा हापिसातून सांगलीच्या डॉक्टरांना टेलिफोनच्या तारेवरून विचारलं होतं. ती गंगूमावशींना म्हणाली, "मी येस्तवर काय बी पाजू नगासा," आणि पदर खोचून गिरणीकडे पळाली.

गंगूमावशी मीठ कालवत राहिल्या.

फाटक

पुढचं मला नंतर कळलं. थोडं वहिनीकडून, थोडं टेलिफोनवाल्या कुलकर्ण्यांकडून. दोघांच्या सांगण्यात फरक आहे. कुलकर्णी म्हणतात ती ओरडत आली. ती म्हणते, मी नीट बोलले.

फाटकावर जमादार होता. पलटणीतून परत आलेला गडी, मिशीला पीळ.

"पास?"

"पास न्हाई. मानूस हाय, मराया टेकल्यालं."

"पास असल्याबिगर बाईमानसाला हापिसाकडं सोडायचा हुकूम न्हाई."

"मग हुकूम धरून बस," असं म्हणून ती त्याच्या हाताखालून आत शिरली. जमादार "आवं बाई, आवं बाई" करत मागे. अशी ती दोघं टेलिफोनच्या खोलीत पोचली.

कुलकर्णी म्हणाले, "बाई, हा टेलिफोन खाजगी कामासाठी नाही. साहेब पुण्याला गेलेत. त्यांच्या परवानगीशिवाय मी हात लावू शकत नाही."

"माझी वन्सं इख प्यालीया. चुकून."

"कोण वन्सं?"

"इंदू."

"इंदू? पत्रकवाली? आमच्या धान्यदुकानावर जिनं लिहिलं ती?"

"तीच. तार जोडू नगासा. म्हंजी ती परत कवा लिवायची न्हाई. बसा मग खूश हून."

कुलकर्ण्यांनी कानाला पेन खोचलं आणि टेलिफोनचं हँडल फिरवायला घेतलं. आजही कुणी विचारलं की ते म्हणतात, "परवानगी मागायचीच राहिली."

तारेवरचे डॉक्टर

हे डॉक्टर मी तोवर पाहिले नव्हते. वहिनीनंही नाही. तिनं आयुष्यात पहिल्यांदा तो काळा दांडा कानाला लावला, उलटा. कुलकर्ण्यांनी तो सुलटा केला.

"काय प्यायली?"

"आंबील!"

"ओरडू नका, ऐकू येतं. आंबिलीनं कुणी भाजत नाही. तोंडात काय दिसतं?"

"पांढरं झालंय. लाळ गळतीया, गिळंना."

"शुद्धीवर आहे?"

"व्हय."

"मग नीट ऐका. उलटी करवायची नाही. मीठ नाही, चिंच नाही, लिंबू नाही, घशात बोट नाही. जे खाली जाताना भाजतं ते वर येताना पुन्हा भाजतं. साध्या पाण्यानं चूळ भरून थुंकू दे. टेकून बसवा, निजवू नका. आणि ज्या भांड्यातलं प्यायली ते आणा. धुऊ नका. मी इथंच बसलो आहे."

शेवटचं वाक्य वहिनी अजून घोळवून घोळवून सांगते. डॉक्टर म्हणाले, मी इथंच बसलो आहे.

ती परत आली तेव्हा मिठाच्या पाण्याचा तांब्या माझ्या ओठांना लागला होता. दोघींनी माझं डोकं धरलं होतं आणि मला नको म्हणण्याइतका आवाज नव्हता. वहिनीनं तांब्याला असा फटका मारला की तो भिंतीवर जाऊन आदळला.

"आगं ये बये! मारतीस का काय तिला?" गंगूमावशी कडाडल्या.

"डागदर म्हनलं, उलटी न्हाई करायची."

"डागदर कुठाय? मला तर दिसंना!"

"तारंवर हाय."

"तारंवरचा डागदर! आनी हितं मानूस चाललंय हातचं!"

वहिनी बोलत बसली नाही. तिनं मला भिंतीला टेकून बसवलं, चूळ भरवली, दाराशी एका बाईला उभं करून "हिच्या तोंडाला कुनाचा हात लागला तर बघा" असं बजावलं आणि मडकं काखेत मारून पुन्हा पळाली. या खेपेला जमादारानं फाटक आधीच उघडून धरलं होतं.

मसाला

कुलकर्ण्यांनी मडक्यात पेन बुडवून वर काढलं. पांढरी तार लोंबली. आंबिलीची तार येत नाही.

"अहो, ही तर आपल्या सायझिंगची खळ!"

डॉक्टर तारेवरून म्हणाले, "खळीत काय काय असतं?"

"पीठ, चरबी आणि मसाला."

"कसला मसाला?"

"ते मास्तरांना ठाऊक."

"मग मास्तरांना बोलवा. मला त्यावरून ठरवायचं आहे."

मास्तर आला. घटना ऐकली, हळहळला. मी खोटं सांगणार नाही, तो मनापासून हळहळला. आणि मग म्हणाला, "पर मसाला सांगता येत न्हाई."

कुलकर्णी म्हणाले, "मास्तर, पोरगी जाईल."

"माझ्या उस्तादानं माझा हात निखाऱ्यावर धरून शपथ घातलीया. म्या माझ्या लेकाला बी सांगितला न्हाई. आज तारंवर सांगितला तर सांज व्हायच्या आत पार मिरजंपतुर जाईल. माझं पोट हाय ते."

मला त्या माणसाचा राग येतो आणि पुरता येत नाही. त्याच्याकडे पेढी नाही, जमीन नाही. त्या एका गुपितावर त्याची खुर्ची आहे, आणि ते फुटलं तर मालक त्याला एक दिवस ठेवणार नाही. पण माझ्या घशात काय आहे हे मला कळू नये, माझ्या डॉक्टरला कळू नये, ही कुठली रीत? ज्या हौदात माणसं कोपरापर्यंत हात घालतात त्यात काय पडतं, हे त्या माणसांना विचारता येत नाही, ही कुठली रीत?

वहिनीनं असलं काही म्हटलं नाही. तिनं कुलकर्ण्यांच्या मेजावरचा पाण्याचा पेला उपडा करून रिकामा केला, मडक्यातली खळ त्यात ओतली आणि मास्तरपुढे ठेवली.

"प्या."

"आं?"

"मसाला चांगला असंल तर प्या की. मंग मी कशाला इचारतीया."

जमादार दारात होता, तो म्हणाला, "प्या मास्तर, न्हाईतर सांगा. म्या दोन्हीला गवाही हाय."

मास्तरनं पेला बोटानं बाजूला सारला. मग सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि टेलिफोनला तोंड लावून, वर हाताचा आडोसा करून, सांगितलं. काचेतून दिसत होतं, म्हणे. कबुली दिल्यासारखा उभा होता.

तो बाहेर आला आणि कुणाकडे न बघता खात्यात निघून गेला. डॉक्टरांनी वहिनीला पुन्हा तारेवर घेतलं. ते जस्ताचा जळजळीत क्षार असं काहीतरी म्हणाले. तिला त्यातलं 'जळजळीत' तेवढं कळलं. पुढचं सगळं कळलं: अंड्यातलं पांढरं दुधात फेटून, चमच्याचमच्यानं, जेवढं सहज उतरेल तेवढंच, जबरदस्ती नाही. श्वासाला घरघर लागली, किंवा पोट दगडासारखं झालं, तर लगेच कळवायचं. आणि ओढा उतरला की एक क्षणही न थांबता इस्पितळात.

तत्त्व

मी अंडं खात नव्हते. तत्त्वानं. वडिलांनी सोडलं होतं, त्यांच्यामागे मीही सोडलं होतं, आणि त्यावर एकदा चार पानं लिहिलीही होती. जमादारानं आपल्या कोंबड्यांची अंडी फडक्यात बांधून वहिनीकडे दिली होती. दूध चाळीनं गोळा केलं. ज्या घरात पोरांना चहापुरतं दूध येत होतं त्या घरातूनही आलं.

चमचा पुढे आला तेव्हा मी तोंड फिरवलं. खरं तर तत्त्वासाठी नाही, भीतीनं. काहीही गिळायची भीती. पण वहिनीला तत्त्व वाटलं.

"वन्सं, तत्त्व मागनं खावा. आदी ह्ये गिळा."

मला हसू आलं आणि त्या हसण्यानं असं जळलं की डोळ्यांतून पाणी आलं. पण चमचा उतरला. मग दुसरा.

तिचे डोळे

ओढा काही उतरेना. पाऊस लागूनच राहिला. ते दिवस मी भिंतीला टेकून काढले, मांडीवर वाडगा घेऊन, त्यात लाळ गाळत. तहान लागायची आणि पाण्याची भीती वाटायची. गळा आतून आवळत चालल्यासारखं वाटायचं. ते खरंच आवळतंय की मला वाटतंय, हे सांगायला कुणी नव्हतं. मरणापेक्षा मला याची भीती होती: आपण जगू, आणि पुन्हा कधी घास गिळता येणार नाही, हाक मारता येणार नाही.

रोज दुपारच्या सुट्टीत वहिनी टेलिफोनवर जायची. डॉक्टर तिला प्रश्न विचारायचे आणि उद्या काय बघून यायचं ते सांगायचे. ती माझ्या तोंडात कंदील धरून बघायची. कपाळ, पोट, श्वास, लघवी, सगळं बघायची आणि वाटेत पाठ करत जायची. मी तिला साक्षर करू शकले नव्हते. माझ्या वर्गाच्या वेळी तिची भांडी असायची. पण तिचं पाठांतर असं की डॉक्टर एकदा कुलकर्ण्यांना म्हणाले, "त्या बाईंनाच द्या टेलिफोन, तुम्ही मधे बोलू नका." कुलकर्णी हे अभिमानानं सांगतात.

आणि याच दिवसांत चाळीत कुजबुज सुरू झाली. मडकं कुणाचं? चूल कुणाची? घरात दुसरं होतं कोण? नणंद-भावजयीचं काय असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. शिकलेली नणंद, अडाणी भावजय. मग मिठाचं पाणी का उधळलं हिनं? दोन बायका आमच्या दारातच बोलल्या. त्यांना वाटलं माझा आवाज गेला म्हणजे कानही गेले.

वहिनीनं ते ऐकलं. चुलीवरचं दूध तिनं उतू जाऊ दिलं नाही, एवढंच.

मी पाटी ओढली आणि लिहिलं: 'मी माझ्या हातानं घेतलं. वहिनीनं मला वाचवलं.' पाटी तिच्यापुढे धरली. तिनं पदरानं हात पुसले, पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "पानी पायजे का?"

मी पाटी दाराबाहेर टेकवून ठेवली, चाळीला वाचायला. चाळीतल्या ज्या बायकांना मी अक्षरं शिकवली होती त्यांनी ती जुळवून जुळवून वाचली. गंगूमावशींना वाचता येत नव्हतं, त्यांनी दुसरीकडून वाचून घेतली. त्या आत आल्या, वहिनीजवळ चुलीपाशी बसल्या आणि तिच्या हातातली फुंकणी काढून घेतली. "जा, पड जरा. मी बघते दूध," म्हणाल्या. दारातल्या बाया पुन्हा आल्या नाहीत.

दादा

दादा परत आला तो ओढ्याच्या छातीभर पाण्यातून चालत. सांगलीच्या स्टेशनवर कुणीतरी त्याला सांगितलं होतं की बहिणीनं विष घेतलं. खळीचं त्याला ठाऊक नव्हतं. ते वहिनीनं सांगितलं, घरात, मडकं दाखवून.

तो उंबऱ्यावर बसला. "मीच का गं?" एवढंच म्हणाला. वहिनी म्हणाली, "न्हाई. मडकं बोलत न्हाई म्हनून." पण त्याचं समाधान झालं नाही. तो जेवेना. पुढे मला पातळ पेज उतरू लागली तेव्हाही तो माझ्या वाटीकडे बघत राहायचा आणि स्वतःची भाकरी तशीच ठेवायचा. घरात दोन आजारी झाले आणि वहिनी एकटीच धडधाकट. जागरणानं तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं, आणि तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

नळी

ओढा उतरल्यावर सांगलीच्या इस्पितळात गेलो. डॉक्टर उंच असतील असं का कोण जाणे वाटलं होतं. ते ठेंगणे निघाले. ते आधी वहिनीकडे वळले. "तुम्हीच का?" ती लाजून दादाच्या मागे गेली.

त्यांनी तपासलं, आणि मग तो दिवस आला ज्या दिवशी असल्या आजारात माणसाला खरं काय ते सांगतात. अन्ननळी भाजलेल्या जागी आकसली होती. भरत येईल तसतशी आणखी आकसेल. "रबरी नळी घालून ती वाट मोकळी ठेवावी लागेल. वरचेवर. मोठ्या होत जाणाऱ्या नळ्या. कंटाळा केलात तर वाट बंद होईल."

मी पाटीवर लिहिलं: 'किती दिवस?'

"मला माहीत नाही," ते म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं नाही याचा मला तेव्हा राग आला होता.

नळीचा दिवस असा असतो: उपाशी पोटी जायचं, बाकावर बसायचं, आतून कुणाच्या तरी ओकाऱ्यांचा आवाज ऐकायचा, आपला नंबर आला की मान मागे टाकायची. 'गिळा, गिळा' म्हणतात. आपल्याला गिळता येत नाही म्हणूनच आपण आलेलो असतो. डोळ्यांतून पाणी येतं, ते रडणं नसतं. पहिल्या खेपेला मी डॉक्टरांचा हात ओरबाडला. तिथं एक वॉर्डबाई आहे. ती नळी कोमट पाण्यात धरून ठेवते. कुणी सांगितलेलं नाही, आपली आपणच. गार नळी आणि कोमट नळी यांत काय फरक असतो ते ज्याच्या घशातून गेली त्यालाच ठाऊक. असल्या वेळी देव आठवावा म्हणतात. मला ती बाई आठवते.

तुमच्यातल्या कुणाला हे चाललं असेल तर एवढंच सांगते. नळीला जायचं चुकवू नका. मी एकदा चुकवली. पुढल्या खेपेला मागच्या नळीवरून सुरुवात करावी लागली.

आत्ता

आता मऊ भात उतरतो. दुधात कुस्करलेली भाकरी उतरते. मी सगळ्यात शेवटी जेवून उठते, पेंगत. आवाज आला आहे, पण घोगरा. सभेत मागच्या रांगेला पोचत नाही. नळी अजून सुरू आहे. भीती गेली, थकवा राहिला आहे, आणि थकव्यावर कुणी पत्रक काढत नाही.

मास्तर अजून मसाला कुणाला सांगत नाही. मी दादाकरवी विचारलं की निदान घरी न्यायची खरवड असेल तिच्यात नीळ तरी कालवा, म्हणजे ती निळी दिसेल. तो म्हणाला बघतो. अजून बघतोच आहे. माझ्यात जोर आला की मी स्वतः त्याच्या दारात बसणार आहे. तोवर दादा गिरणीतून घरी काहीच आणत नाही.

पण मास्तरची वाट बघत तुम्ही बसू नका. मी वाचले ते आमच्या गिरणीत टेलिफोन होता, तारेपलीकडे एक माणूस उठून न जाता बसला होता आणि माझी वहिनी हाताखालून शिरण्याइतकी धीट होती म्हणून. तुमच्याकडे या तिन्ही गोष्टी असतील असं धरून चालू नका. उद्या तुमच्या घरातून पळत सुटणार ती बहुतेक एखादी बाईच असेल, आणि फाटकावरचा माणूस तिला पासच विचारेल.

म्हणून हे वाचून झालं की कागद ठेवा आणि उठा. गिरणी, स्टेशन, पोस्ट, वखार, जवळचा टेलिफोन जिथं असेल तिथं जा. एकटे जाऊ नका, घरात जी चूल सांभाळते तिला बरोबर न्या. टेलिफोनवाल्याला विचारा की विषाचं काम आलं तर परवानगीवाचून तार जोडणार का, आणि कुठल्या डॉक्टरला. त्यानं हो म्हटल्याशिवाय परतू नका. आणि निघताना फाटकावर थांबा. जमादाराला तिचा चेहरा नीट बघू द्या.